ज्युनियर फिगर स्केटिंगमध्ये दोनदा पडलेली मुलगी न पडलेल्या मुलीच्या वर कशी येते?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पुण्यात रोलर आर्टिस्टिक (चाकांवरचं फिगर स्केटिंग) करते, तिच्यासोबत ज्युनियर ग्रां प्री ही बर्फावरच्या स्पर्धांची मालिका बघताना फ्री स्केटिंगमध्ये, म्हणजे लांबच्या कार्यक्रमात, दोनदा पडलेली मुलगी एकदाही न पडलेल्या मुलीच्या पुढे गेली, आणि हा पक्षपात वाटला. बहुतेक वेळा तो नसतो. पडणं लगेच डोळ्यांत भरतं. जंप अर्धवट फिरली तर मात्र चटकन कळत नाही, आणि खरे गुण तिथेच जातात.

2024-25 मोसमातले आकडे घेऊ. क्वाड म्हणजे हवेत चार फेऱ्या; टो-लूप, ॲक्सेल, लुट्झ, फ्लिप ही जंपची नावं. क्वाड टो-लूपची बेस व्हॅल्यू, म्हणजे ठरलेले मूळ गुण, 9.50. जंप कशी झाली याचे परीक्षक -5 ते +5 देतात, तो जीओई. पडलं की जीओई -5, म्हणजे बेस व्हॅल्यूच्या निम्मे गुण वजा. वर पडल्याचा वेगळा 1 गुण कापतात. तरी हातात 3.75 उरतात. दुसरीने डबल ॲक्सेल मारली, नीट उतरली, पण साधीच, तर तिला 3.30. (देखणी असेल आणि सगळ्यांनी +5 दिले तर 4.95, त्यामुळे स्वच्छ जंपला किंमत नाही असं मुळीच नाही.)

आता तोच क्वाड अर्धी फेरी कमी फिरला आणि वर पडली, तर तो ट्रिपल टो-लूप धरला जातो: 4.20, त्यातून 2.10 आणि 1 गेले की 1.10. ट्रिपल लुट्झचं तर आणखी वाईट. बेस 5.90, पूर्ण फिरून पडलं तर 1.95 मिळतात, अर्धी फेरी कमी असताना पडलं तर 0.05.

हे ठरवतं तीन जणांचं टेक्निकल पॅनेल, स्लो मोशनमध्ये बघून. घरी बघायचं असेल तर यूट्यूबचा वेग 0.25 करा आणि फक्त पायाकडे बघा. ब्लेडचं टोक बर्फाला टेकतं त्या क्षणी ब्लेड मागे वळलेलं हवं. ते जाण्याच्या दिशेला आडवं असेल तर पाव फेरी कमी. सरळ पुढे तोंड करून टेकलं तर अर्धी कमी, आणि उरलेलं वळण बर्फावरच पुरं होतं. प्रेक्षक अशा लँडिंगला टाळ्या वाजवतात, कारण मुलगी उभी राहिलेली असते.

स्पर्धेनंतर प्रत्येक स्केटरचा तपशीलवार तक्ता प्रसिद्ध होतो. त्यात जंपच्या नावापुढे ‘क्यू’ असेल तर पाव फेरी कमी: बेस तीच राहते, जीओई घसरतो. लेस दॅनची एक खूण (<) म्हणजे पाव ते अर्धी फेरी कमी, बेस 80 टक्के, म्हणजे लुट्झचे 4.72. दोन खुणा (<<) म्हणजे अर्धी किंवा जास्त फेरी कमी, म्हणून एक फेरी कमी असलेली जंप धरली. ‘ई’ हे फ्लिप आणि लुट्झलाच लागतं: लुट्झ ब्लेडच्या बाहेरच्या कडेवरून (एज) उठायला हवी, फ्लिप आतल्या. उठताना पाय आत कलंडला की लुट्झ गेली. रोलरवरही मुलं नेमकी इथेच घसरतात, तेव्हा मुलीला हा कॉलम आधी दाखवा. ‘एक्स’ ही चांगली खूण: फ्री स्केटिंगच्या उत्तरार्धातल्या शेवटच्या तीन जंपना 10 टक्के जास्त.

राहिले कंपोनंट, म्हणजे एकूण स्केटिंगचे गुण: कंपोझिशन, प्रेझेंटेशन, स्केटिंग स्किल्स. मुलींच्या फ्रीमध्ये यांना 2.67 ने गुणतात. तिन्हींत अर्ध्या गुणाचा फरक पडला तर एकूण चार गुणांचा फरक, म्हणजे पडल्याच्या चार दंडांएवढा.

शॉर्ट प्रोग्रॅमचा (फ्रीच्या आधीचा छोटा कार्यक्रम) हिशोब मात्र वेगळा. ज्युनियरला तिथे क्वाड चालतच नाही, आणि ठरवून दिलेल्या जंपच्या जागी एकच फेरी झाली तर त्या घटकाला शून्य. तिथे सुरक्षित खेळण्याला अर्थ आहे.

सरावासाठी जपानच्या माओ शिमादाचे जुने फ्री प्रोग्रॅम बघा. 2023 ते 2025 सलग तीनदा ती ज्युनियर विश्वविजेती होती, आणि तिच्या फ्रीमध्ये ट्रिपल ॲक्सेल आणि क्वाड टो-लूप दोन्ही दिसतील. आधी तक्ता झाकून मुलीला खुणा ओळखायला लावा, मग ताडून बघा. थेट बघायचं तर मालिका ऑगस्ट ते ऑक्टोबर चालते. स्पर्धा लाटव्हियातल्या रीगाला असेल तर तिथलं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, म्हणजे तिथली दुपार आपली संध्याकाळ, शाळा बुडत नाही.