लाडवांचा डबा परत आला, म्हणून सण परत आला नाही

"काकू, रात्री जागून तिळाचे लाडू वळले. एकेक लाडू बटर पेपरमध्ये गुंडाळला, वर लेकाने स्वतः नावं लिहिली. संध्याकाळी डबा जसाच्या तसा घरी. सोबत शाळेची छापील चिठ्ठी. मला रडूच आलं. ख्रिसमसला वर्गात सगळं चालतं, मग आमच्याच सणाला नियम का?"

बॉस्टनजवळून आलेल्या या पत्रात आणखी चार प्रश्न आहेत. त्यांच्याकडे येतेच, पण आधी हा डबा.

बाळा, तुला किती लागलं असेल ते कळतं मला. आपण सगळ्याजणी इकडे येताना बॅगेत सोऱ्या आणि पुरणयंत्र घालून आलो. सण म्हटला की समोरच्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवायचं, हे आपल्या अंगातच मुरलंय. दिलेलं कुणी घेतलं नाही, की आपल्यालाच नाकारलं असं वाटतं. पण आता थोडं रागावते. तुझं पत्र तूच पुन्हा वाच. चिठ्ठीत काय होतं? "घरी केलेले खाद्यपदार्थ वर्गात वाटता येणार नाहीत." आणि डिसेंबरबद्दल तूच लिहितेस, "मुलांना पेन्सिली, स्टिकर आणि कागदी स्नोफ्लेक मिळाले." यात खाऊ कुठे आहे? नियम संक्रांतीला नव्हता गं, डब्यातल्या जिनसांना होता. आणि तो ख्रिसमसलाही तेवढाच लागू होता.

अमेरिकेत अन्नाच्या पाकिटावर ठळक सांगावेच लागतात असे मुख्य ॲलर्जीचे पदार्थ आधी आठ होते: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, गहू आणि सोयाबीन. २०२१च्या कायद्याने त्यात नववा आला, तो तीळ. १ जानेवारी २०२३पासून ते लागू आहे. आता आपला लाडू बघ. तीळ, दाण्याचं कूट, वर चमचाभर साजूक तूप. नवांपैकी तीन एका घासात. हा कायदा पाकीटबंद मालाचा, तुझ्या स्वयंपाकघराचा नाही. पण घरच्या डब्यावर आत काय आहे ते छापलेलं नसतं, म्हणूनच कितीतरी शाळा घरचं नकोच म्हणतात. वीस-पंचवीस मुलं सांभाळणाऱ्या शिक्षिकेने कूट कुठलं आणि बेसन कुठलं हे ओळखावं, ही अपेक्षा धरू नये.

हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. माझ्या थोरल्या नातीला तीळ आणि शेंगदाणे दोन्ही चालत नाहीत. तिच्या दप्तरात वह्यांच्या शेजारी एपिपेन असतं, म्हणजे ॲलर्जीचा झटका आला तर लगेच टोचायचं इंजेक्शन. वर्गात कुणाच्या घरून काही आलं, की तिच्यासाठी लेकीने बाईंकडे ठेवलेल्या वेगळ्या डब्यातलं बिस्किट निघायचं. देणाऱ्या आयांच्या मनात काही वाईट नव्हतं, तुझ्या मनात तरी कुठे होतं? पण पोर घरी येऊन सांगायची, "आजी, सगळ्यांना दिलं, मला नाही." तुझ्या लेकाच्या वर्गातही असं एखादं मूल असेल. एखादं रोजे धरणारं असेल, एखादं जैन घरातलं. सण वर्गात न्यायचा तो अशा मुलालाही त्यात जागा मिळावी म्हणून ना?

मग द्यायचं काय? दर संक्रांतीला लिहिते तेच यंदाही लिहिते: वाण दे. तिळगुळाबरोबर वाण लुटायची रीत आपल्याच घरातली आहे. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात आपण छोटीशी, उपयोगाची वस्तू ठेवतो. माझी आई घरी शिवलेले बटवे द्यायची, जुन्या साड्यांचे काठ काढून. कुणाला कुठला रंग आवडतो हे लक्षात ठेवून ती तसा काठ निवडायची. तिच्यामागे तिच्या मैत्रिणी मला भेटल्या तेव्हा तिच्या हातच्या वड्यांबद्दल कुणी बोललं नाही. बटवे मात्र दोघीतिघींनी कपाटातून काढून दाखवले.

रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, तेव्हा वर्गासाठी हे करून बघ. जाड कागदाची कार्डं आणि ठिपक्यांची रांगोळी. सात ते चार ठिपके मांडायचे: मधल्या ओळीत सात, वर आणि खाली सहा, पाच, चार, प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण सदतीस होतात, तिसरीतल्या मुलाला मोजायलाही मजा येते. कार्डावर फक्त ठिपके काढायचे, रेघा काढायच्या नाहीत. रेघा ज्याच्या हातात कार्ड जाईल त्याने ओढायच्या, हव्या तशा. मागे लेकाच्या अक्षरात दोन ओळी: आमच्याकडे दारापुढे अशी रांगोळी काढतात, तुझी तू पुरी कर. माझ्या धाकट्या नातवाने मागच्या वर्षी हेच नेलं. शिक्षिकेने सगळ्यांची पुरी झालेली कार्डं फळ्याशेजारी लावली, आणि एकाही मुलाची रांगोळी दुसऱ्यासारखी नव्हती.

दिवाळीत हाच न्याय आकाशकंदिलाला. घोटीव कागद, कात्री, डिंक आणि झिरमिळ्या. पणत्या वर्गात पेटवता येत नाहीत, कंदील टांगता येतो.

दोन गोष्टी मात्र मनावर घे. एक, हे मुलाने करायचं, तू नाही. तुझ्या पत्रात लाडू "वळले" तेही तू, गुंडाळले तेही तू, त्याने फक्त नावं लिहिली. मध्यरात्री आईने केलेली सुबक वस्तू मूल शाळेत पोचवतं, देत नाही. ठिपके वाकडे पडू देत. कोण घेईल, कोण हसेल, हे त्याच्या पोटात येऊ दे. आणि दोन, वर्गातल्या प्रत्येकासाठी कर. इथे व्हॅलेंटाइनला बाई वर्गाची यादी घरी पाठवतात ना, एकही नाव सुटू नये म्हणून? तीच यादी पुढ्यात ठेव. गैरहजर असलेल्याचं कार्ड त्याच्या बाकावर राहिलं पाहिजे. ज्याच्याशी लेकाचं पटत नाही त्याचंही. आणि आधी शिक्षिकेला दोन ओळींची ईमेल टाक: काय आणणार, किती वेळ लागेल. बहुतेक वेळा "नक्की या" असंच उत्तर येतं, फक्त ऐन सकाळी दारात डबा घेऊन उभं राहायचं नाही.

आता बाकीचे प्रश्न भराभर.

"दिवाळीला वर्गात जाऊन आरती म्हटली तर चालेल का?" सरकारी शाळेत नको. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेतलं बायबलवाचन आणि प्रार्थना बंद केली. धर्माविषयी शिकवायला मात्र मोकळीक ठेवली. दिवाळी काय असते ते सांग, वर्गाकडून पूजा करवून घेऊ नकोस. इतर आईबाबांनी त्यांची प्रार्थना तुझ्या लेकाकडून म्हणवून घेतलेली तुला तरी कुठे चालली असती?

"नवऱ्याच्या ऑफिसात सीक्रेट सँटात गणपतीची छान मूर्ती द्यावी म्हणतो." देऊ नका. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची, असा तो खेळ. घेणाऱ्याला मूर्ती कुठे ठेवायची हे माहीत नसतं, आणि उद्या ती कॉफीच्या कपाशेजारी कागदांवर ठेवलेली दिसली की तुम्हीच दुखावणार. बटवा शिव, किंवा नवऱ्याला शिवायला बसव. माझ्या दिराने निवृत्तीच्या आदल्या वर्षी शिकून घेतलं, त्यालाही जमलं.

"सासूबाईंना नातवाने ख्रिसमसची गाणी म्हटलेली आवडत नाहीत." लेकाला आवडतात का, ते तू लिहिलंच नाहीस. आवडत असतील तर गाऊ दे. एखादं गाणं म्हणायचं नसेल तर संगीताच्या बाईंना आधी सांगता येतं. सासूबाईंना मात्र ठिपके शिकवायला बसव, त्यांच्या बोटांत ते असणार.

"बाईंना चांदीचा करंडा द्यायचा आहे." तुमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी शाळेच्या शिक्षिकेला एका कुटुंबाकडून ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट घेता येत नाही. सगळ्या वर्गाची मिळून, देणाऱ्यांची नावं न सांगता, १५० डॉलरपर्यंत चालते. करंडा राहू दे. तुमच्या वर्गाची वर्गणी जी आई जमवते तिला तुझा वाटा दे, आणि लेकाला बाईंना पत्र लिहायला बसव: यंदा त्यांनी शिकवलेलं काय आवडलं, नाव घेऊन, उदाहरण देऊन. लिहिताना तू त्याच्या शेजारी बसू नकोस.