रुग्णालयातील एचआयएस, पॅक्स आणि लॅब यांच्यासमोर नेटवर्क लोड बॅलन्सर कसा लावावा?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: दीडशे खाटांच्या रुग्णालयात एचआयएसचे (रुग्णांच्या नोंदी आणि बिलांची प्रणाली) दोन सर्व्हर, पॅक्सचे (सीटीसारख्या तपासण्यांच्या प्रतिमा साठवणारी प्रणाली) दोन सर्व्हर आणि लॅबची यंत्रे जोडणारे इंटरफेस इंजिन, तेही दोन सर्व्हरवर, असे सर्व तयार आहे, या सगळ्यांसमोर एकच नेटवर्क लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या जोडण्या सर्व्हरांमध्ये वाटणारी यंत्रणा, लावून प्रत्येक पोर्टवर राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने वाटप, ठेवले तर चालेल का, आणि चालणार नसेल तर काय करावे? चालणार नाही, हे उत्तर आधीच देऊन टाकतो. रुग्णालयांची संगणक व्यवस्था सांभाळणे हे माझे कामच आहे, आणि तुम्ही म्हणता तशीच मांडणी मी एकदा स्वतःच्या हाताने केली, महिनाभर तिची फळे भोगली आणि मग स्वतःच ती उसवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोड बॅलन्सर या नावातला लोड तुमच्याकडे फारसा नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. केसपेपरचे काउंटर, वॉर्डांतील संगणक, डॉक्टरांच्या खोल्या आणि बिलिंग धरून दोनशे माणसे एकाच वेळी काम करत असली, तरी तेवढा भार आजचा एक बऱ्यापैकी सर्व्हर एकटा उचलतो. तुम्हाला बॅलन्सर हवा आहे तो सकाळी साडेदहाला ओपीडीची रांग दारापर्यंत गेलेली असताना एक सर्व्हर बसला तर रांगेतल्या माणसाला ते कळू नये म्हणून, आणि अपडेट टाकण्यासाठी रात्री दोनची वाट पाहावी लागू नये म्हणून. एवढे मान्य केले, की प्रत्येक पोर्टबद्दल एकच प्रश्न उरतो: ही जोडणी मध्येच तुटली, तर कोणाचे काय अडेल? एचआयएस, लॅब आणि पॅक्स या तिघांसाठी त्याचे उत्तर इतके वेगळे येते, की तिघांना एकच नियम लावण्याचा विचार आपोआप मागे पडतो.

नेटवर्क लोड बॅलन्सर चौथ्या थरावर काम करतो, म्हणजे त्याला आयपी पत्ता आणि पोर्ट यांपलीकडे काही दिसत नाही. आतून रक्ताचा रिपोर्ट चालला आहे की सीटी स्कॅन, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचे हा निर्णय तो जोडणी सुरू होताना एकदाच घेतो आणि ती जोडणी जिवंत असेपर्यंत तो बदलत नाही. ब्राउझरच्या जोडण्या अल्पायुषी असतात, त्यामुळे तिथे हे खपून जाते. लॅबच्या यंत्राची जोडणी मात्र सोमवारी सकाळी उघडते आणि कोणी हात लावला नाही तर शनिवारपर्यंत तशीच राहते. अशा दहा जोडण्या सकाळी कोणत्या क्रमाने उघडल्या, यावर आठवड्याभराचे वाटप ठरते. त्याला समतोल म्हणणे धाडसाचे आहे.

लॅबकडे, म्हणजे एचएल-७ या वैद्यकीय संदेशांच्या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या संदेशांकडे, सर्वाधिक लक्ष द्या. हे संदेश साध्या टीसीपीवर एमएलएलपी नावाच्या पातळ वेष्टनातून जातात: सुरुवातीला हेक्साडेसिमल ०बी हा एक बाइट, शेवटी १सी आणि ०डी हे दोन बाइट, आणि मधे मजकूर. त्यांत क्रमाला फार महत्त्व असते. रुग्ण दाखल झाल्याचा ए०१, त्याच्या माहितीतील दुरुस्तीचा ए०८ आणि डिस्चार्जचा ए०३ हे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोहोचले पाहिजेत. काही प्रणाली प्रत्येक संदेशासाठी नवी जोडणी उघडतात. अशा वेळी राउंड रॉबिन असेल तर ए०१ पहिल्या इंजिनाकडे जातो, ए०८ दुसऱ्याकडे जातो, आणि दुसरे इंजिन मोकळे असल्यामुळे तो आधी पुढे सरकतो. मग लॅबच्या सॉफ्टवेअरला अजून जन्मालाच न आलेल्या रुग्णाच्या नावात दुरुस्ती करण्याचा हुकूम मिळतो आणि ते तो मुकाट्याने फेटाळते.

म्हणून एचएल-७ साठी एक सर्व्हर चालू आणि दुसरा राखीव, हीच रचना ठेवा. एचएप्रॉक्सी हे बॅलन्सरचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर दुसऱ्या सर्व्हरच्या ओळीत ‘बॅकअप’ हा शब्द लिहिला की तो पहिला पडेपर्यंत हातही हलवत नाही. मात्र तेवढ्यावर थांबू नका. पहिला सर्व्हर पडून परत उभा राहिला, तरी मधल्या काळात राखीव सर्व्हरकडे गेलेल्या जोडण्या तिथेच चिकटून राहतात आणि नव्या जोडण्या पहिल्याकडे जाऊ लागतात, म्हणजे निम्मी यंत्रे इकडे आणि निम्मी तिकडे. यासाठी ‘ऑन-मार्क्ड-अप शटडाउन-बॅकअप-सेशन्स’ हा पर्याय राखीव सर्व्हरवर नव्हे तर मुख्य सर्व्हरच्या ओळीत लिहावा, आणि पडलेल्या सर्व्हरकडच्या जोडण्या ताबडतोब तोडण्यासाठी ‘ऑन-मार्क्ड-डाउन शटडाउन-सेशन्स’ही तिथेच जोडावा.

आता ज्या चुकीपायी मी महिना घालवला ती सांगतो. आमच्या बायोकेमिस्ट्रीच्या अ‍ॅनालायझरचे निकाल एका मिडलवेअरमधून, म्हणजे मधल्या सॉफ्टवेअरमधून, इंजिनाकडे येत. बॅलन्सर बसवल्यानंतर दोन-तीन दिवसांनी लॅबमधून सकाळी सातच्या सुमारास फोन येऊ लागले: “सर, मशीनवर रिझल्ट दिसतोय, सिस्टीमला नाही.” आम्ही मिडलवेअर बंद करून चालू करायचो आणि सगळे सुरळीत व्हायचे, त्यामुळे दोष मिडलवेअरचाच आहे अशी आमची खात्री पटत गेली. गंमत अशी की हरवत असे तो नेहमी सकाळचा पहिलाच नमुना, पुढचे सगळे येत. शेवटी एका सकाळी साडेसहाला मी स्वतः जाऊन टीसीपीडंप हे नेटवर्कवरची वाहतूक टिपणारे साधन लावून बसलो, तेव्हा उलगडा झाला. उबुंटूवर एचएप्रॉक्सी बसवले की जी तयार फाइल मिळते, तिच्यात क्लायंट आणि सर्व्हर या दोन्ही बाजूंचा टाइमआउट, म्हणजे शांत जोडणी तोडण्याआधीचा अवधी, ५०,००० मिलिसेकंद असतो, आणि मी त्या आकड्याला हात लावला नव्हता. रात्री नमुने येणे थांबले की ५० सेकंदांत बॅलन्सर जोडणी रीतसर बंद करत होता, पण मिडलवेअर काही पाठवायची वेळ येईपर्यंत तिकडे बघतच नव्हते. सकाळचा पहिला निकाल त्याने त्या मेलेल्या जोडणीत लिहिला, ऑपरेटिंग सिस्टीमने तो निमूटपणे स्वीकारला, पलीकडून रीसेट आला, आणि पोचपावतीची वाट न पाहण्याची त्या मिडलवेअरची सवय असल्यामुळे निकाल हवेत विरला. दिवसा नमुने सतत येत असल्याने हे घडत नसे.

तेव्हा एमएलएलपीच्या पोर्टांसाठी टाइमआउट काही तासांचा ठेवा आणि टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे शांत जोडणी जिवंत आहे का हे तपासणारी छोटी पाकिटे, चालू करा. लिनक्समध्ये पहिला कीपअलाइव्ह जाण्याआधीचा मूळ अवधी ७,२०० सेकंद, म्हणजे तब्बल दोन तास असतो. तो मी १२० वर आणतो. तुमचे काही क्लाउडवर असेल तर हे आणखी जपा, कारण अ‍ॅमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरचा निष्क्रिय जोडणीचा मूळ अवधी ३५० सेकंद आहे आणि तो संपला की दोन्ही टोकांना काही न कळवता जोडणी विसरली जाते. पाठवणारे सॉफ्टवेअर उत्तराच्या एमएसए विभागातील ‘एए’, म्हणजे ‘स्वीकारले’, ही पोचपावती मिळेपर्यंत संदेश आपल्या रांगेतून काढत नाही, याची खात्री विक्रेत्याकडून लेखी घ्या; तोंडी होकार सगळेच देतात.

पॅक्सकडे प्रश्न वेगळा आहे. सीटीचा एक काप ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा आणि दर बिंदूला दोन बाइट असला, तर अर्धा एमबी होतो, आणि ६०० कापांची तपासणी ३०० एमबींची होते. ती बहुधा एकाच डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचे मानक) असोसिएशनमधून, म्हणजे एकाच जोडणीतून, जाते. त्यामुळे इथे जोडण्या कमी पण वजनदार असतात आणि वाटायचेच असेल तर राउंड रॉबिनपेक्षा सर्वांत कमी जोडण्या असलेल्या सर्व्हरकडे पाठवणारी पद्धत बरी. मात्र दोन्ही पॅक्स सर्व्हरांचा डेटाबेस आणि साठा एकच असेल तरच वाटा. तसे नसेल तर काय होते पाहा: सीटी यंत्र प्रतिमा पहिल्या सर्व्हरकडे पाठवते, नंतर नवी जोडणी उघडून ‘तुझ्याकडे या प्रतिमा सुरक्षित आहेत ना?’ असे स्टोरेज कमिटमेंटमधून विचारते, तो प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे जातो, आणि तो प्रामाणिकपणे ‘नाहीत’ म्हणतो. यंत्र मग आपल्या डिस्कवरून काहीच पुसत नाही आणि काही दिवसांत डिस्क भरून तपासण्या थांबतात.

डायकॉमची दुसरी अडचण पत्त्यांची. पॅक्स समोरच्या यंत्राला एई टायटलवरून, म्हणजे त्याला दिलेल्या डायकॉम नावावरून, आणि बऱ्याच ठिकाणी सोबत आयपी पत्त्यावरून ओळखतो. एचएप्रॉक्सीसारखा प्रॉक्सी मधे आला, की सगळी यंत्रे एकाच, म्हणजे बॅलन्सरच्याच, पत्त्यावरून आल्यासारखी दिसतात. वेबसाठी मूळ पत्ता हेडरमधून कळवता येतो. डायकॉमला ती सोय नाही. लिनक्सच्या आयपीव्हीएस या अंगभूत बॅलन्सरमधील डायरेक्ट राउटिंग वापरले तर मूळ पत्ता टिकतो, कारण पाकीट न बदलता सर्व्हरकडे जाते आणि उत्तर थेट यंत्राकडे परतते. त्यासाठी आभासी पत्ता, म्हणजे यंत्रे ज्याच्याशी बोलतात तो सामायिक पत्ता, प्रत्येक सर्व्हरच्या लूपबॅकवर, म्हणजे स्वतःपुरत्या अंतर्गत जोडणीवर, ठेवून सर्व्हरला त्या पत्त्यासाठी एआरपीची (‘हा पत्ता कोणाचा?’ या प्रश्नाची) उत्तरे देण्यापासून रोखावे लागते. उलट दिशेचाही विचार करा. सी-मूव्हमध्ये, म्हणजे प्रतिमा मागवण्याच्या आज्ञेत, पॅक्स स्वतः वर्कस्टेशनकडे नवी जोडणी उघडतो आणि ती आभासी पत्त्यावरून न निघता सर्व्हरच्या खऱ्या पत्त्यावरून निघते, म्हणून दोन्ही सर्व्हरांचे खरे पत्ते फायरवॉलमध्ये आणि वर्कस्टेशनच्या यादीत हवेतच. माझे स्पष्ट मत विचाराल तर तुमच्या आकाराच्या रुग्णालयाने पॅक्सलाही एक चालू आणि एक राखीव असेच ठेवावे.

एचआयएसचे वेब पोर्टल हा त्या मानाने सोपा भाग आहे. लॉगिनचे सत्र सर्व्हरच्या मेमरीत राहत असेल, तर दुसऱ्या सर्व्हरकडे गेलेल्या माणसाला पुन्हा लॉगिन करावे लागते. त्यावर स्रोत पत्त्यानुसार चिकटवण्याचा उपाय सांगितला जातो, पण तुमचे शहरातले दुसरे केंद्र एकाच नॅट पत्त्यामागून, म्हणजे सर्वांच्या एका सामायिक पत्त्यावरून, येत असेल तर ते सगळे केंद्र एकाच सर्व्हरवर जाऊन बसते. शक्य असेल तर विक्रेत्याला सत्रे डेटाबेसमध्ये किंवा रेडिस या मेमरीतल्या सामायिक साठ्यात ठेवायला सांगा. ते होणार नसेल तर फक्त या पोर्टसाठी सातव्या थरावर जा, म्हणजे बॅलन्सरला वेबचा मजकूर वाचू द्या, टीएलएस (वेबचे कूटबंधन) बॅलन्सरवर उघडा आणि कुकीने चिकटवा. बॅलन्सरपासून सर्व्हरपर्यंतचा टप्पाही पुन्हा टीएलएसनेच न्या आणि लॉगमध्ये रुग्णाचे नाव किंवा नोंदणी क्रमांक असलेले पत्ते उमटत नाहीत हे पाहा.

हेल्थ चेकच्या बाबतीत आळस करू नका. पोर्ट उघडा आहे म्हणजे सॉफ्टवेअर चालू आहे, असे नसते. डेटाबेसच्या सगळ्या जोडण्या संपलेल्या असताना लॉगिनचे पान ‘सर्व ठीक’ अर्थाचा २०० असा कोड देत दिमाखात उघडते आणि आत केसपेपर निघत नाही, हे मी पाहिले आहे. एक छोटे पान बनवून घ्या, जे डेटाबेसला एखादा हलका प्रश्न विचारून दोन सेकंदांत उत्तर देईल. दर ५ सेकंदांनी ते तपासा आणि सलग तीनदा नापास झाल्यावरच सर्व्हर बाजूला काढा. पॅक्ससाठी डीसीएमटीके या डायकॉम साधनांच्या संचातील इकोएससीयू वापरून खरा सी-इको, म्हणजे डायकॉमची ‘आहेस ना?’ अशी विचारणा, पाठवा. एमएलएलपीवर नुसती जोडणी उघडून मिटणारी तपासणी नाइलाजाने चालते, पण काही इंजिनांत एका वेळच्या जोडण्यांवर मर्यादा असते, तेव्हा तपासणीनेच ती मर्यादा खाल्ली जात नाही ना, ते बघा.

बॅलन्सरही दोन हवेत, हे उघड आहे. कीपअलाइव्हडी हे सॉफ्टवेअर वापरून दोघांमध्ये एक आभासी पत्ता ठेवतात. त्यामागचा व्हीआरआरपी, म्हणजे मुख्य कोण हे ठरवणारा प्रोटोकॉल, टीसीपी किंवा यूडीपीवर चालत नाही, त्याचा स्वतःचा आयपी प्रोटोकॉल क्रमांक ११२ आहे आणि तो २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोहोचणाऱ्या) पत्त्यावर बोलतो. मधल्या फायरवॉलने तो अडवला की दोघेही स्वतःला मुख्य समजू लागतात आणि आभासी पत्ता कधी इकडे, कधी तिकडे दिसतो. दोन्ही पेट्या वेगळ्या स्विचला आणि वेगळ्या यूपीएसवर लावा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेली जोडीही मी पाहिली आहे.

सुरुवात करताना पहिले काही आठवडे फक्त वेब बॅलन्सरमागे घ्या, मग एचएल-७ आणि सर्वांत शेवटी डायकॉम. प्रत्येक टप्प्यावर रविवारी दुपारी, कॅज्युअल्टीला आधी कळवून आणि कागदी केसपेपरचा गठ्ठा काउंटरवर ठेवून, मुख्य सर्व्हरची नेटवर्क केबल खरोखर उपसा. सर्व्हिस बंद करून घेतलेली चाचणी पुरत नाही, कारण बंद होणारी सर्व्हिस जोडण्या शिस्तीत मिटवते आणि उपसलेली केबल कोणालाच काही सांगत नाही. त्या वेळी लॅबमधला टेक्निशियन फोनवर असू द्या आणि त्याला एक नमुना चालवायला सांगून तो निकाल वॉर्डच्या पडद्यावर उमटेपर्यंत घड्याळ लावून बसा.