महिला बचत गटात बाळाच्या आरोग्यावर बैठक नव्याने घेणाऱ्या ताईसाठी

अगं, पहिल्याच बैठकीत भाषण देऊ नकोस. 'जन्मल्यावर बाळाला आंघोळ कधी घातली?' एवढंच विचार आणि गप्प बस. बायका आपणहून बोलायला लागतात. झारखंड-ओडिशात 'एकजूट' संस्थेच्या गटांची हीच रीत: चित्रं, गोष्टी, आणि उपाय गटानेच ठरवायचा. 2010 साली छापलेल्या अभ्यासात, गट नसलेल्या भागांच्या तुलनेत तिथे नवजात मृत्यूंचं प्रमाण 32 टक्क्यांनी कमी दिसलं.

बचतीचा हप्ता गोळा करायच्या दिवशीच बैठक ठेव. लावणीच्या दिवसांत वेगळं बोलावलंस तर कुणी फिरकणार नाही. सासूबाईंना आधी बोलाव. पहिलं चिकाचं दूध पाजायचं की पिळून टाकायचं, हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात. (सुनेला एकटीला शिकवून काय उपयोग?)

कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजायची पट्टी पिशवीत असूच दे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी अंगणवाडीताई किंवा आशाताईंना कळव. जुलाबात ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले की आया त्या बंद करतात, तिथे मागे लाग. वजनाचा आकडा मात्र चारचौघींत वाचू नकोस, ती आई पुढच्या वेळी येत नाही.