फिनलंड राहू द्या, कोलंबिया बघा

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातल्या एका जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. पहिली ते चौथी, मास्तर दोनच. व्हॉट्सअपवर फिनलंडच्या शाळांचे व्हिडिओ येतात, आपल्याकडे तसं होईल का हो? कापूस वेचणी नाहीतर ऊसतोड लागली की आमची बरीच पोरं शाळेतून गायबच होतात.

उत्तर : भाऊ, ते व्हिडिओ मलाही येतात. पोरगं सातव्या वर्षी पहिलीत जातं, प्राथमिकला देशपातळीवरची परीक्षा नाही, हे सगळं खरंय, पण तिथं प्राथमिकच्या मास्तरालाही मास्टर्स डिग्री लागते हे फॉरवर्ड करणारे सांगत नाहीत, आणि आपले दोन मास्तर चार वर्ग सांभाळून वर इलेक्शन ड्युटी पण करतात. तिथलं एकच लगेच घेता येईल, पाऊण तास झाला की पोरांना पंधरा मिनिटं बाहेर सोडायचं.

तुमच्या शाळेला जवळचा देश कोलंबिया. तिथं खेड्यापाड्यांत एक-दोन मास्तरांच्याच शाळा, अन् पोरं कॉफी तोडायला जायची. 1970 च्या दशकाच्या मध्यात विकी कोलबर्ट या शिक्षणतज्ज्ञ बाई आणि सोबतच्यांनी 'एस्क्वेला नुएव्हा' म्हणजे नवी शाळा काढली. फळ्यावर सगळ्यांना एकच धडा नाही, पोरं गटात बसून स्वाध्याय पुस्तिकेवर आपापल्या वेगानं काम करतात, मास्तर अडलेल्यापाशी जातो. तोडणीवरून परत आलेलं पोर जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू करतं, वर्ष वाया गेलं म्हणून नापास नाही. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे पोरगं परत येतं तेव्हा वर्ग दहा धडे पुढं गेलेला असतो, मग ते मागच्या बाकावर गप बसतं आणि हळूहळू यायचंच बंद होतं. आपल्या देशातही असं झालंय, आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेनं पायरीपायरीची कार्डं बनवली, त्यातूनच पुढं तमिळनाडूच्या सरकारी शाळांत ते गेलं.

पण नुसती कार्डं छापून कपाटात ठेवाल तर काही होणार नाही. तिकडे मास्तर ठरावीक दिवशी एकमेकांना भेटून अडचणी सोडवतात, आपल्याकडे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असतेच, ती परिपत्रकं वाचण्यातच संपते ही गोष्ट वेगळी. आणि पहिलीच्या पुस्तिका पोरांच्या घरच्या बोलीत पाहिजेत, अहिराणी असो का पावरी, नाहीतर एकट्यानं वाचायचं कसं? समितीच्या पुढच्या मीटिंगला एवढंच मांडा : फक्त पहिली-दुसरी, फक्त गणित, आणि वेचणीला जाणाऱ्या पोरांची यादी दिवाळीआधीच तयार.