आकडा एकाच जागी का उडतो?

प्रश्न : आमचा भोसरीत छोटा हायड्रॉलिक प्रेस आहे, स्ट्रोक ३०० मिमी. रॅम (वर-खाली होणारा भाग) कुठवर आला हे कळायला बाजूला लिनिअर पोटेन्शिओमीटर (पट्टीवर ब्रश सरकवून अंतर सांगणारा सेन्सर) लावलाय. दर पाच-सहा महिन्यांनी आकडा उड्या मारतो, तोही खालच्या एकाच जागी. विनास्पर्श सेन्सर घेतला तर हा त्रास कायमचा जाईल का?

उत्तर : काढलेला जुना पोटेन्शिओमीटर टाकून दिला नसेल तर उघडून बघा. आतल्या काळ्या पट्टीवर, आकडा उडतो नेमक्या त्याच जागी, ब्रशने घासलेला चकचकीत चरा दिसेल. रॅम दर जॉबला तिथेच येऊन थांबतो, प्रेशर चढलं की तिथेच थरथरतो. झीजही तिथलीच. नवा आणाल, तोही तिथेच झिजेल. तेव्हा विनास्पर्श सेन्सरच घ्या.

मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह जातीचा, बाहेरून बसणारा घ्या. सिलिंडरच्या आत बसणारेही मिळतात, पण त्यासाठी पिस्टन रॉडला खोल भोक पाडावं लागतं. चालू प्रेसला तो खटाटोप नको. बाहेरून बसणाऱ्या या सेन्सरच्या पट्टीत एक तार असते. तारेतून विजेचा झटका सोडला की रॅमवरचं चुंबक जिथे असेल तिथे तारेला पीळ बसतो, आणि तो पीळ लाटेसारखा सेन्सरच्या डोक्याकडे धावतो, सेकंदाला साधारण २८०० मीटर. तुमच्या ३०० मिमीला जेमतेम १०७ मायक्रोसेकंद. तो वेळ मोजला की अंतर कळलं. घासायला आत काही नाहीच.

‘कायमचा’ म्हणालात, तिथे मात्र थांबा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी असाच सेन्सर बसवला. चुंबक धरायची पट्टी एमएसची (साध्या पोलादाची) केली होती. तिनेच चुंबकाचं बळ ओढून घेतलं आणि आकडा मध्येच गायब व्हायला लागला. ॲल्युमिनियमची पट्टी केली, काम सुरळीत झालं. महिन्याभराने बघतो तर चुंबकाला लोखंडी चुऱ्याची दाढी आलेली, फडक्याने पुसली तर नुसतीच सरकत होती. शेवटी चिकटपट्टी दाबून दाबून उपटली. तुमच्याकडेही पत्र्याची बर (कापलेल्या कडेचे बारीक कण) असणारच; दर आठवड्याला चुंबकावर नजर टाका.

सध्या पीएलसीला (प्रेस चालवणाऱ्या कंट्रोलरला) ० ते १० व्होल्ट जात असतील तर तेच आउटपुट मागा, पीएलसीचं कार्ड बदलावं लागणार नाही. सेन्सरला २४ व्होल्टचा सप्लाय लागेल. केबल शील्डची घ्या, मोटरच्या केबलपासून लांबून न्या. बसवल्यावर रॅम पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन्हीकडे मोजमाप घ्या आणि स्केलिंग (किती व्होल्टला किती मिमी) नव्याने भरा.