सही साहेबांची, कारणे कोणाची?

प्रश्न : मी महसूल कार्यालयात अव्वल कारकून आहे. फेरफाराच्या (जमिनीच्या हक्कनोंदीतील बदलाच्या) तक्रारींचा गोषवारा आणि आदेशाचा मसुदा एआयकडून करून घ्यावा, असे आमच्याकडे सुचवले जात आहे. शेवटी वाचून सही अधिकारीच करणार असतील, तर त्यात गैर काय? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पत्राची भाषा सुधारण्यासाठी किंवा परिपत्रक सोप्या मराठीत मांडण्यासाठी या साधनाची मदत घेण्यात मला गैर वाटत नाही. आदेशाची गोष्ट निराळी आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर विभागाचा एका कंपनीबाबतचा करनिर्धारण आदेश रद्द केला. कंपनीने सुमारे ३.०९ कोटी रुपये उत्पन्न दाखवले होते, विभागाने ते २७.९१ कोटी धरले, आणि त्यासाठी ज्या तीन न्यायनिर्णयांचा आधार घेतला होता, ते मुळात अस्तित्वातच नव्हते. पुरवठादाराने पाठवलेला खुलासाही विचारात घेतला गेला नव्हता. एआयच्या या काळात अर्धन्यायिक (न्यायालयासारखा निवाडा देण्याचे) अधिकार वापरताना संगणक यंत्रणेने दाखवलेल्या निष्कर्षांवर डोळे झाकून विसंबू नये, ते पडताळून घ्यावेत, असे न्यायालयाने त्या वेळी बजावले. तो आदेशही विभागाने अधिकृतपणेच काढलेला होता, हे आपल्या प्रश्नाच्या संदर्भात लक्षात घ्यावे.

असे का घडते? एआय प्रणाली नोंदवहीत शोधून उत्तर देत नाही. आधीच्या मजकुरापुढे कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, हे पाहून ती वाक्य रचते, आणि त्यामुळे खऱ्या निवाड्याइतक्याच सहजपणे ती न झालेल्या निवाड्याचे नाव, वर्ष आणि क्रमांक लिहून देते. पण खोटे दाखले पडताळणीत सापडू शकतात. मला अधिक काळजी वाटते ती कारणांची. वारसाची हरकत मान्य करणारा मसुदा मागा, ती पटतील अशी कारणे देईल; फेटाळणारा मागा, तीही तितकीच पटणारी देईल. निर्णय कारणांतून निघायला हवा, येथे कारणे निर्णयाला मागाहून चिकटवली जातात. बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे कळवण्याचे बंधन माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये आहे, ते अधिकाऱ्याने प्रत्यक्षात ज्या कारणांवरून निर्णय घेतला त्यांच्यासाठी. अपिलात वरिष्ठ अधिकारी तपासतात तीही हीच कारणे. ती कोणाच्याच मनात आलेली नसतील, तर तपासायचे काय?

गोषवाराही निरुपद्रवी समजू नये. चाळीस पानांच्या संचिकेत एखाद्या बहिणीने हक्कसोडपत्रावरील सही आपली नसल्याचे एकाच ओळीत लिहिलेले असते, आणि गोषवाऱ्यातून नेमकी ती ओळ गळली, तर साहेबांपुढे हरकत पोहोचतच नाही. त्यामुळे मूळ कागद वाचण्याला पर्याय नाही, निदान वादग्रस्त नोंदींमध्ये तरी.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायपालिकेसाठी धोरण जाहीर करून निष्कर्ष काढणे आणि आदेश देणे यासाठी एआयचा वापर वर्ज्य ठरवला. आपल्या कार्यालयातही हीच रेषा आखावी, असे मी सुचवेन. अर्जदारांची नावे, गट क्रमांक, आधार क्रमांक असा तपशील बाहेरच्या चॅटबॉटवर टाकणे तर आजच थांबवावे. आणि एआयच्या मदतीने काही लिहिले असेल, तर टिपणीत तशी नोंद ठेवावी, म्हणजे सही करणाऱ्याला काय पडताळायचे ते कळेल.