ऑपरेशनात एकाच फुफ्फुसावर श्वास देताना (वन लंग) व्हेंटिलेटर सेटिंग
हे पाय भाऊ, मेडिकल कॉलेजच्या ऑपरेशन थिएटरात छातीच्या ऑपरेशनची लिस्ट लागली ना तर टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात द्यायची हवा) काट्यावरच्या वजनावर काढूच नको, उंचीवर काढ. १६० सेंमीची बाई ८५ किलोची असली तरी तिचं प्रेडिक्टेड (उंचीवरून काढलेलं) वजन ५२च येते, किलोला ५ मिलीने २६० मिली झाले, अन् पोरं सरळ ४०० देऊन राहिले, ते सगळं एकाच फुफ्फुसात जाते ना! पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात ठेवायचा दाब) ५ पासून सुरू कर, ड्रायव्हिंग प्रेशर (श्वास भरताना पीपच्या वर लागणारा दाब) १५च्या खाली ठेव. सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होणारा जुनाट आजार) असला तर श्वास पूर्ण बाहेर येते का ते व्हेंटिलेटरच्या कर्व्हवर पाय. रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा चढला तर चालते, पल्मनरी हायपरटेन्शन (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढलेला दाब) असला तर मात्र नाही. सॅच्युरेशन पडलं की ऑक्सिजन १०० टक्के कर, सर्जनला सांग, लगेच ब्रॉन्कोस्कोप (श्वासनळीत पाहायची दुर्बीण) टाकून ट्यूब जागेवर हाय का ते पाय, कारण कुशीवर वळवताना डबल ल्युमेन ट्यूब (दोन्ही फुफ्फुसांना वेगवेगळा श्वास देणारी नळी) लई सरकते.